माडीवर रुमाल कोणी नेले?

आमच्या मंडळाचे किस्से कोणी लिहून ठेवलेले नाहीत. लिहायचं म्हटलं की आधार द्यावा लागतो आणि आधार म्हटलं की कागद लागतो. म्हणून ते नुसते साचत गेले. सभा सुटली की अमृततुल्य चहाच्या दुकानासमोर उभं राहून आम्ही ते एकमेकांना सांगतो, दर वेळी थोडं तिखटमीठ लावतो, आणि कागदवाल्यांना नेमकं तेच खुपतं. खुपू दे. मी आज सांगणार आहे.

मंडळ इतिहासाचं. नाव घेत नाही. पुण्यात अशी मंडळं पुष्कळ आहेत, ज्याच्या डोक्याला टोपी बसेल त्याने घालावी. नारायण पेठेत, नदीच्या अंगाला दुमजली इमारत आहे. खाली कार्यालय आणि जुन्या कागदांची खोली, वर माडीवर सभागृह. जुने कागद फडक्यात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला आम्ही रुमाल म्हणतो. मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची, तेव्हापासून इथे जाते. म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गोष्टी रेकॉर्ड करून आणायचा मला नाद आहे, त्यामुळे मंडळात माझं नाव 'गप्पावाल्या बाई' असं पडलंय.

मंडळाची एक शिस्त आहे. कुठलंही पुस्तक छापायला जाण्याआधी त्याची मुद्रितं, म्हणजे प्रुफं, सभेत मोठ्याने वाचायची. कोणीही सभासद मध्ये थांबवून दोन प्रश्न विचारू शकतो: आधार काय, आणि लिहिणारा स्वतः हजर होता का? उत्तर नाही आलं तर वाक्य खोडायचं. मग ते अध्यक्षांचं का असेना!

ही शिस्त अध्यक्षांनीच लावली. त्यांना सगळे तात्या म्हणतात. ऐंशीच्या पुढचे, काटक, आपण बसवरची पाटी वाचतो तितक्या सहज मोडी वाचणारे. मला तात्यांबद्दल आदर आहे आणि रागही आहे. दोन्हींना लेखी पुरावा नाही.

*

एकदा साताऱ्याकडचे एक गृहस्थ आपल्या घराण्याचा इतिहास घेऊन आले. छान कोट घातला होता, पेढेही आणले होते. सांगत होते, आमचे एक पूर्वज पानिपतावर लढले आणि जिवंत परत आले.

तात्यांनी विचारलं, "परत आल्याचा कागद?"

गृहस्थ म्हणाले, कागद कसला, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. तात्या नुसते बघत राहिले. त्या बघण्याने भल्याभल्यांना घाम फुटतो. गृहस्थांचा आवाज चढला आणि ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "अहो, मी इथे तुमच्यासमोर बसलोय, हा पुरावा नाही का?"

तात्या म्हणाले, "तो ते जाण्याआधी घरी होते याचा पुरावा झाला."

गृहस्थ गेले. पेढे मात्र ठेवून गेले, आणि ते कोणी आणले याचा आधार न विचारता सगळ्यांनी खाल्ले.

*

मंडळाच्या कार्यकारिणीत चौघांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो, एक जूनला. तात्या त्यातलेच. त्या दिवशी एकच केक आणतात आणि चौघे मिळून कापतात.

एका वर्षी तात्या मूडमध्ये होते. म्हणाले, माझी आई सांगायची की मी नागपंचमीला झालो, पण शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, म्हणून मी एक जून मानतो. आईची स्मृती चुकू शकते, दाखला चुकत नाही.

केक वाढायला शमीमबाई होत्या. त्यांची ओळख इथेच करून देते, कारण पुढे सगळा गोंधळ त्यांनीच घातलाय. शमीम शेख. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज बारीक, बोलणं कानाखाली मारल्यासारखं. मुलं त्यांना घाबरायची, पालक जास्त घाबरायचे.

त्या म्हणाल्या, "एकाच दिवशी चौघं! सूतिकागृहात गर्दी झाली असेल." मग शांतपणे समजावून सांगितलं की जूनमध्ये शाळा सुरू होते, पोराचं वय भरावं म्हणून गुरुजी एक जून टाकून मोकळे होतात. त्यांनी स्वतःही कित्येकांना हीच तारीख दिली होती.

तात्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे तुम्ही खोटे कागद केलेत?"

"छे. खरेच केले. त्यांवर लोक पेन्शन खातायत."

*

आता मूळ भांडणाकडे येते.

मंडळाला पंच्याहत्तर वर्षं होणार होती. त्यानिमित्त मंडळाचा इतिहास छापायचं ठरलं. चिटणीस जोग यांनी मजकूर जुळवला. जोग म्हणजे सरळ माणूस, फाइलमध्ये जन्मला आणि फाइलमध्येच सुखी आहे. त्यात एकसष्ट साली पानशेत धरण फुटून आलेल्या पुराबद्दल एक परिच्छेद होता. पुराच्या वर्षी आमच्या इमारतीच्या तळमजल्यात छतापर्यंत पाणी आलं, तरी मंडळाचा एकही रुमाल भिजला नाही, कारण मंडळाच्या कार्यकर्त्यांनी ते सगळे वेळेत माडीवर हलवले होते. आधार, त्या वर्षीचा छापील अहवाल.

शमीमबाई जोगांना म्हणाल्या, कार्यकर्त्यांनी नाही, माझ्या अब्बांनी हलवले.

 एवढ्या वर्षांत त्या हे कधी बोलल्या नव्हत्या. त्यांचे अब्बा हसनभाई तेव्हा मंडळाच्या जिन्याखालच्या गाळ्यात बुकबाइंडिंग करायचे. मंडळाच्या निम्म्या पुस्तकांच्या शिवणी त्यांच्या हातच्या. मागच्या खोलीत बिऱ्हाड होतं. शमीमबाई तेव्हा कडेवर होत्या, त्यांना स्वतःला काहीच आठवत नाही. त्यांना माहीत आहे ते अम्माने सांगितलेलं, आणि अम्मालाही जाऊन बरीच वर्षं झाली.

जोग बिचारे अवघडले. म्हणाले, बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण अम्मा सांगायच्या हा आधार होत नाही. तात्या तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. मला त्याचाच राग आला. एरवी पेढे आणणाऱ्याकडेही कागद मागणारा माणूस!

मी घरी गेल्यावर शमीमबाईंना फोन केला. म्हटलं, जाऊ द्या हो, एक ओळ तर आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी ओळ आहे. अब्बांचं नाव कुठल्याही कागदावर एवढ्यासाठीच येऊ शकलं असतं."

त्यानंतर मी 'जाऊ द्या' म्हटलं नाही.

*

अम्मा हे कसं सांगायच्या तेही सांगते, कारण माझा सगळा भरवसा त्याच्यावरच आहे.

त्या अभिमानाने कधीच सांगायच्या नाहीत. त्या तक्रार करायच्या! पाणी येतंय अशी हाकाटी झाली तेव्हा हसनभाईंनी बायकोला पोरीसकट जिन्यावर उभं केलं आणि खालून एकेक रुमाल तिच्या हातात द्यायला लागले. एका कडेवर शमीम, दुसऱ्या हाताने रुमाल घेऊन माडीवर टाकायचा. अम्मा म्हणत होत्या, माझी लग्नातली ट्रंक आधी द्या. हसनभाई म्हणत होते, ती नंतर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, तरी रुमाल संपेनात. शेवटी हसनभाई जिन्यावर चढले तेव्हा ट्रंक खालीच राहिली होती.

त्या ट्रंकेवरून अम्मांनी जन्मभर नवऱ्याला ऐकवलं. घरात कोणाच्या लग्नाची साडी आली की ट्रंकेचा विषय निघायचा. हसनभाई मान खाली घालून जेवायचे. शमीमबाईंच्या स्वतःच्या लग्नात नवी ट्रंक घेतली, तर अम्मांनी जावयाला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, पूर आला तर आधी काय उचलाल?

आता मला सांगा, बढाई मारायची असती तर बाई नवऱ्याचं कौतुक करून सांगेल की नाही? इथे ती त्याला मरेपर्यंत बोल लावत होती. मी कॉलेजात मुलांना पुराव्याचं मोल कसं ठरवायचं ते शिकवलंय. बोलणाऱ्याचा फायदा कशात आहे ते आधी बघा, असं सांगायची. अम्मांचा फायदा ट्रंकेत होता.

*

जोगांनी एक तोडगा काढला. म्हणाले, शमीमबाई, हे सगळं स्टॅम्पपेपरवर लिहून द्या, प्रतिज्ञापत्र करा, म्हणजे मला फाइलला लावता येईल आणि तळटीप देता येईल.

शमीमबाई म्हणाल्या, "म्हणजे अम्मा बोलली तर गप्पा, आणि तेच मी कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून टाइप करून आणलं की इतिहास?"

जोग म्हणाले, तसं अगदी नाही, पण फाइलला काहीतरी लागतं.

"मग फाइलला सांगा, मी नाही म्हणाले."

जोगांनी तेवढंही फाइलमध्ये लिहिलं. मी बघितलंय.

*

तोंडी इतिहासात घोळ नसतात असं मी म्हणत नाही. वाघोलीच्या पुढे एका गावात जुनी बारव, पायऱ्यांची विहीर, आहे. मी मुलांना घेऊन तिथल्या एका आजोबांकडे गेले. एका विद्यार्थिनीने मोबाइल पुढे धरला आणि आजोबा एकदम पाठ म्हटल्यासारखं बोलायला लागले. ही बारव अमुक सरदारांनी प्रजेच्या कल्याणाकरिता बांधली, वगैरे. 'कल्याणाकरिता'! मागे वळून पाहिलं तर बारवेशेजारी ग्रामपंचायतीने लावलेली पाटी होती. शब्दन् शब्द तोच.

आभार मानून मोबाइल बंद केला, चहा आला. तेव्हा आजोबा म्हणाले, "मघाशी तुमच्या मशीनला सांगितलं. आता तुम्हास्नी सांगू का? सरदारानं पैका दिला आसंल. खणली आमच्या आळीनं. आन् पाणी लागल्यावर आमालाच खाली उतरू देत न्हवते."

मुलीने मोबाइलकडे हात नेला, मी तिचा हात धरला.

हे मी सभेत सांगितलं तेव्हा तात्या खूश झाले. म्हणाले, बघा, एका माणसाने एका दुपारी दोन इतिहास सांगितले, यातला कोणता छापू? मी म्हटलं, "तात्या, पहिला तुमचाच होता. पाटीवर वाचून सांगितला होता त्यांनी."

पहिली रांग हसली. तात्याही हसले, पण थोडं उशिरा.

*

आणि लेखी इतिहासाचं म्हणाल, तर कोथरूडला आमच्या सोसायटीत या.

गेल्या वार्षिक सभेत पार्किंगवरून रणधुमाळी झाली. एका काकांनी दुसऱ्यांच्या दिवंगत वडिलांचा उद्धार केला. खजिनदारांनी राजीनामा दिला, परत घेतला, पुन्हा दिला. दोन शेजारणी, ज्या रोज एकमेकींकडे वाटीभर काहीतरी पाठवायच्या, त्या आजतागायत बोलत नाहीत. कोणीतरी वॉचमनची खुर्ची उचलली होती, मारायला की बसायला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आठवड्याने इतिवृत्त आलं. "पार्किंगच्या विषयावर खेळीमेळीच्या वातावरणात सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठराव मंजूर करण्यात आला."

मी हा कागद मंडळात नेला आणि वाचून दाखवला. म्हटलं, पन्नास वर्षांनी असाच एखादा अभ्यासक येईल आणि या कागदाच्या आधारे प्रबंध लिहील की कोथरूडचे लोक अत्यंत समंजस होते. खाली सही आहे, शिक्का आहे, जावक क्रमांक आहे. आणि आमच्या शेजारणीची नात म्हणेल, आजी तर सांगायची की खुर्ची उचलली होती. तेव्हा सगळे तिलाच विचारणार, आधार काय?

जोगांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला. म्हणाले, मसुदा फार चांगला आहे.

*

शेवटी मुद्रितांच्या वाचनाची सभा आली. माडी भरलेली होती. शमीमबाई नेहमीच्या जागी, खिडकीशी, कडक इस्त्रीच्या साडीत. मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. मुख्याध्यापिकाच त्या.

जोग वाचत गेले. पूर आला. "पानशेत फुटले त्या दिवशी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी जिवाची पर्वा न करता सर्व रुमाल माडीवर हलवले."

शमीमबाईंनी हात वर केला. आधार काय, विचारलं. जोग म्हणाले, त्या वर्षीचा अहवाल. मागून कोणीतरी पुटपुटलं, झालं आता, पुढे चला. शमीमबाईंचा हात खाली आला नाही.

"लिहिणारा हजर होता का?"

जोगांनी पान उलटसुलट केलं. म्हणाले, खाली नाव नाहीये, नुसतं 'चिटणीस' असं छापलंय. त्या वेळी चिटणीस कोण होते ते बघावं लागेल. मग त्यांनी तात्यांकडे पाहिलं, कारण त्या काळातलं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

ऐंशी ओलांडलेल्या माणसाला 'आठवत नाही' म्हणायला काही कागद लागत नाही. तात्या म्हणू शकले असते आणि आम्ही मानही डोलावली असती. खरं सांगते, मला वाटलं ते तसंच म्हणतील आणि मला त्यांचा कायमचा तिटकारा येईल.

तात्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चिटणीस मी होतो," ते म्हणाले. "हजर नव्हतो. मी पर्वतीच्या टेकडीवर चढलो होतो."



मग तात्यांनी सावकाश सांगितलं. पाणी ओसरल्यावर ते इथे आले, खाली चिखल होता आणि वर रुमाल कोरडे होते. हसनभाई जिन्यावर बसून चिखल खरवडत होते. तात्यांनी त्यांना विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. अहवाल लिहायला बसले तेव्हा, आपल्याच कोणीतरी हलवले असणार, असं धरून लिहून टाकलं.

'आपल्याच' म्हणताना त्यांचा आवाज अडखळला. पण शब्द त्यांनी बदलला नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवते.

जोग आता घाईला आले होते. त्यांनी वाक्य खोडलं आणि नवं लिहिता लिहिता मोठ्याने म्हणायला लागले: "सर्व रुमाल हसनभाई शेख, बाइंडर, यांनी..." शमीमबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पत्नी जैनबबी. जोगांनी तेही घातलं. त्यांचा चेहरा उजळला, कारण आता फाइलला लावण्यासारखं काहीतरी मिळालं होतं. म्हणाले, बाई, आता तुमचं काम पक्कं झालं. खाली तळटीप देतो, आधार: अध्यक्षांचं निवेदन.

"नाही," शमीमबाई म्हणाल्या. "आधार माझ्या अम्माचा टाका. तात्या तिथे नव्हते."